दुधाळ रक्ताची जबानी

मी रक्ताची नळी बोलतेय. माझ्या अंगावर 'खराब' असा शेरा आहे. तो वाचून तोंड फिरवायचं असेल तर खुशाल फिरवा. मी बोलायची थांबणार नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. बोटाएवढी उंची, प्लास्टिकचं अंग, डोक्यावर लाल टोपी. आम्हा नळ्यांच्या पोटातली हवा काढून घेतलेली असते, म्हणून आम्ही जन्मतःच तहानलेल्या. टोपीतून सुई आत आली की रक्त आपोआप ओढून घेतो. कोणाचं ते विचारत नाही. गरीब, श्रीमंत, साधू, चोर, आमच्या पोटात सगळे सारखेच लाल.

माझ्या वाट्याला एक सुतार आला.

इमर्जन्सीच्या खाटेवर तो गुडघे छातीशी घेऊन पडला होता. वरच्या पोटात कळ होती आणि ती थेट पाठीत घुसत होती. सरळ झोपवत नव्हतं, उलटी थांबत नव्हती. शेजारी बायको होती, आणि पायथ्याशी त्याचा थोरला भाऊ, हाताची घडी घालून.

"सांगा डॉक्टरांना, कुठे बसला होतात काल," थोरला म्हणाला. "बाटली सुटली म्हणे. घरातून सुटली असेल, पोटातून कुठली सुटतेय?"

सुतार पूर्वी प्यायचा. मुलीच्या जन्मापासून त्यानं दारू सोडली होती. पण सोडलेल्या दारूचा वास लोकांच्या नाकातून जात नाही. तो कण्हत म्हणाला, दादा, थेंब घेतला नाही. दादानं छताकडे बघितलं.

तरुण डॉक्टर भला माणूस होता, पण दमलेला. त्यानंही तोच प्रश्न तीनदा विचारला आणि तेच उत्तर तीनदा ऐकलं. मग माझी टोपी टोचली गेली आणि सुताराचं रक्त माझ्यात आलं. त्या घटकेपासून मी नुसती नळी राहिले नाही. त्याची बाजू माझ्या पोटात होती.

लॅबमध्ये मला यंत्रात गरगर फिरवलं. फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वर स्वच्छ, पिवळसर पाणी उरतं, ज्यातून पलीकडचं दिसावं असं. माझ्यात ते पाणी वर आलंच नाही. वर आलं ते दूध. पांढरंफटक, दाट.

तपासायचं होतं अमायलेज. जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड भडकलं की हा पाचकरस रक्तात उसळतो. यंत्रानं मोजलं आणि आकडा आला अगदी सरळसाधा. नॉर्मल.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं. कपाळाला आठी पडली. "पोटभर तेलकट खाऊन आलाय," त्या म्हणाल्या आणि माझ्यावर तो शेरा मारला. मला टाकाऊ नळ्यांच्या खोक्यात ठेवलं आणि वर फोन करून सांगितलं की आकडा नॉर्मल आहे, पण सॅम्पल खराब आहे, दुसरं पाठवा.

वरून डॉक्टर काय म्हणाला तेही मला ऐकू आलं. पाठवतो म्हणाला, पण पित्ताचंच दिसतंय, गोळ्या देऊन घरी सोडायचा विचार आहे.

घरी? मी खोक्यातून ओरडले असते, पण नळीला तोंड असतं ते फक्त आत घ्यायला. त्या माणसाच्या पोटात त्याचंच स्वादुपिंड स्वतःला पचवायला निघालं होतं, आणि हे त्याला पित्ताची गोळी देऊन रस्त्यावर सोडणार होते! मी खराब नव्हते. मी पुरावा होते, आणि पुराव्यालाच यांनी कचऱ्यात घातलं होतं.

दुसरी नळी घेऊन सुताराची बायको स्वतः खाली आली. वॉर्डबॉयची वाट बघत बसणाऱ्यांतली ती नव्हती. बाईंनी सवयीनं सुनावलं, "रक्त द्यायच्या आधी असं भरपेट जेवू द्यायचं नसतं हो."

"जेवण?" ती म्हणाली. "काल सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा टिकला नाही बाई त्यांच्या पोटात. कुठलं जेवण?"

बाई थबकल्या. नवी नळी फिरवून बाहेर काढली. तीही पांढरी. मग मला खोक्यातून उचललं आणि दोघींना खिडकीच्या उजेडात शेजारीशेजारी धरलं. उपाशी माणसाचं रक्त दूध होऊन आलं होतं. म्हणजे हे दूध ताटातलं नव्हे, रक्तातलंच होतं.

"चूक झाली माझी," बाई मोठ्यानंच म्हणाल्या. यंत्र प्रकाश आरपार सोडून मोजतं. एवढ्या चरबीत त्याला काय दिसणार, कप्पाळ! त्यांनी माझ्यातला थोडा अंश काढून पातळ केला, पुन्हा पातळ केला आणि मोजला. अमायलेज कित्येक पटींनी वर उडालं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तर यंत्राच्या मापातच मावेना.

तरुण डॉक्टर जिना उतरून धावत आला. मला हातात घेऊन बघितलं आणि तसाच परत धावला. घरी जायचा कागद फाटला.

त्यानंतर मी फ्रिजमधल्या स्टँडवर उभी राहिले, आणि रोज सकाळी माझ्या शेजारी सुताराच्याच रक्ताची एक धाकटी बहीण येऊ लागली. वॉर्डची खबर त्याच आणत. सलाईन धो धो चालू आहे, चरबी उतरवायला इन्शुलिनही लावलंय, वेदनेवर इंजेक्शन दिलंय. दुसरी बहीण ताकासारखी होती. अमायलेजही उतरलं होतं. मी मनातल्या मनात नाचले. पण तिसरी आली ती मान खाली घालून. सीआरपी, म्हणजे आतल्या सुजेची आग दाखवणारा आकडा, भडकला होता. श्वास उथळ झाला होता, अंगात ताप होता. थोरला वॉर्डाबाहेर म्हणाला होता म्हणे, "अमायलेज तर उतरलं ना? मग हा अजून नाटकं का करतोय?" डॉक्टरनं त्याला समजावलं की आग लागल्याची घंटा बंद झाली म्हणजे आग विझली असं नसतं.

त्या दिवसांत बायको खाटेजवळून हलली नाही. आणि सुतार? तो श्वास मोजत पडला होता, पण शुद्धीत आला की एकच वाक्य म्हणायचा: "मी प्यायलो नव्हतो." मरायला टेकलेला माणूस पाणी मागतो, देव आठवतो. याला आपला शब्द खरा करून हवा होता. असल्या हट्टाला माझा सलाम.

हळूहळू आग निवली. पुढची बहीण आली तेव्हा सीआरपी खाली होता. तिच्यानंतरचीनं सांगितलं, त्यानं भाताची पेज मागितली आणि ती टिकली. शेवटची इतकी नितळ होती की तिच्या पोटातून पलीकडच्या चिठ्ठीवरची अक्षरं वाचता येत होती.

मग डॉक्टरनं थोरल्याला बोलावलं. स्वादुपिंड दारूनं नाही, रक्तातल्या चरबीनं भडकलं; ही चरबी घराण्यातून येऊ शकते, तुमचंही रक्त तपासू. थोरला तडकला. "माझं कशाला? मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही."

सुताराची बायको शांतपणे म्हणाली, "भाऊजी, त्यांनीही घेतला नव्हता."

त्यानं बाही वर केली.

त्याची नळी त्याच दुपारी माझ्या शेजारी आली. बाईंनी तिला फिरवलं होतं. माझ्याइतकी नाही, पण दुधाळ. निष्कलंक, निर्व्यसनी, दुधाळ. मी हसले नाही. तिच्याही पोटात एका माणसाचं पुढचं आयुष्य होतं, आणि वेळेत कळलं होतं.

पुढचं मला बाईंच्या बोलण्यातून कळलं. थोरला रिपोर्ट घेऊन धाकट्याच्या खाटेपाशी गेला. माफी वगैरे मागितली नाही. स्टुलावर बसला आणि विचारलं, "अजून दुखतं का रे?"

"थोडं," सुतार म्हणाला. "पण दादा, तुझं कधी दुखलं ना, तर मी आधी बाटलीचं विचारणार नाही. आधी दवाखान्यात नेईन."

थोरला भावाचं पांघरूण विनाकारण सारखं करत राहिला.

आज माझी मुदत संपली. फ्रिज रिकामा करताहेत, थोड्या वेळानं मी वाफेत शिजून कचऱ्यात जाईन. जाऊ दे. भ्यायची मी नाही, आणि मला कोणाची दयाही नको. मागणं एकच आहे, आणि ते हात जोडून नाही, ठणकावून आहे. उद्या कोणी पोट धरून तुमच्या दारात वाकला, तर आधी त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. तो काय म्हणतोय ते ऐका. आकडा एक सांगत असेल आणि माणूस दुसरं, तर आकड्याला पुन्हा मोजा. माणसाला पुन्हा जन्माला घालता येत नाही.