पाण्यातून वाचलेली तूर

मी देगलूरच्या शिवारातली तूर बोलतेय. अजून मला फूलही लागलेलं नाही, आणि निरोपाचं बोलावं लागतंय.

जूनअखेर आरतीनं मला काळ्या रानात टोकलं. सप्टेंबरात सलग पाऊस कोसळला, ओढा रानात शिरला आणि मुळांची हवा तुटली.

तुम्ही मला प्रथिनांसाठी खाता. ती माझ्या प्रत्येक पेशीत रोज घडतात. पण घडवायला शक्ती लागते, शक्तीला हवा. म्हणून काही तासांतच मी मुळांतलं बहुतेक काम थांबवलं. वाढीची प्रथिनं बंद. ती कशी घडवायची हे सांगणारे पेशीतले निरोप मात्र फाडले नाहीत. बाजूला जपून ठेवले. हवेशिवाय साखरेतून थोडी शक्ती काढणारी मोजकी प्रथिनं तेवढी चालू ठेवली. साखर आहे तोवर असं जगता येतं. पुढे नाही.

आरती फावडं घेऊन आली. तिचा चुलता सटवाजी बांधावर आडवा आला.

"काका, चर खंदू द्या. तूर मरून राहिली."

"अन् तलाठी आल्यावर काय दावू? कोरडं रान? भरपाईच्या पंचनाम्याला पाणी दिसाया पाह्यजे."

"तोवर पीक राहील का?"

"लई शहाणी झालीस! तुझा बाप बी मला शिकवत न्हाई."

साठ पावसाळे पाहिल्याचा तोरा, आणि मुळं श्वास घेतात हे ठाऊक नाही. विचारायलाही लाज वाटते या म्हाताऱ्यांना.

तलाठी आलाच नाही. शेजारच्या तुरींनी माना टाकल्या. चौथ्या दिवशी आरतीनं कुणाला न विचारता बांध फोडला.

हवा आत आली तेव्हा आधी अंगाची आग झाली. मग जपलेला एकेक निरोप मी पुन्हा हाती घेतला, प्रथिनं घडू लागली. आठवड्यानं शेंड्याला दोन पानं फुटली. दहांत तिघी वाचलो.

आज निरोप आलाय, तलाठी उद्या येतोय. सटवाजी सकाळीच रानात उतरला.

"ही हिरवी उपट. फोटोत आली तर म्हणतील, पीक हाय की!"

"काका, जगलेली हायेत ती!"

"म्हणूनच उपट."

आरती हलली नाही. मग तोच वाकला. त्याची मूठ माझ्या बुडाशी आवळलीय. पाण्याशी कसं झुंजायचं ते मला जन्मतःच येत होतं. या मुठीपुढे घडवावं असं एकही प्रथिन माझ्याकडे नाही.

आरती, त्याचं वय बघू नकोस. हात धर त्याचा.