बोंडल्यातली झोप

मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. बाळाला दूध पाजायची लांब चोचीची वाटी. नागभीडच्या बाजारातून सुगंधाबाईने मला आणलं. तिची सगळी मुलं माझ्यातून दूध प्यायली.

रोवणीच्या दिवसांत माझ्यातून अफूही जायची. परवान्याच्या दुकानातली, मोहरीएवढी, दुधात उगाळलेली. बाळ झोपलं की आई चिखलात भात रोवायला मोकळी. गावात घरोघरी ही रीत होती. तिला कुणी व्यसन म्हणत नव्हतं आणि औषधही म्हणत नव्हतं. माझ्यातून प्यालेलं पोर रडत नाही, असं माझं कौतुक व्हायचं.

एकोणीसशे चौपन्न साली सुगंधाबाईची नात चंदा खोकू लागली. तिची आई मंगली तिला दवाखान्यात घेऊन गेली. घरी दुसरं औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मंगली नाही म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती.

सकाळी तिने दवाखान्याचे थेंब माझ्यातून पाजले. पाठोपाठ सासूने अफू उगाळली.

"आत्ताच त औषध देल्लं नं, बाई?"

"ते खोकल्याचं हाय. हे झोपाचं. एकमेकाले काय करते?"

दुपारी मंगलीने चंदाला उचललं, तर मान लुळी. ओठ निळसर, श्वास थांबत थांबत येणारा. "काऊन उठून नाई राह्यली वो पोरगी?" बैलगाडीत ती हेच विचारत होती. वाटेत दूध पाजता यावं म्हणून तिने मला पदरात बांधलं होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत चंदाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टर तिच्या तोंडात बराच वेळ फुंकत राहिले. मग थांबले.

सोबत आलेल्या सुगंधाबाईने अफूचं सहज सांगितलं. डॉक्टर खाली बसले. नशेच्या वस्तू एका घराण्याच्या नसतात, ते म्हणाले. तंबाखू तरतरी देतो, गांजा भान फिरवतो, दारू सुस्ती आणते. अफू वेदना दाबते आणि श्वासही दाबते. दुखण्यावरचं मॉर्फिन तिच्याच घराण्यातलं, खोकल्यावरचं कोडीनही; चंदाच्या थेंबांत तेच होतं.

"बाई, तुम्ही दोन वस्तू दिल्या नाहीत. एकच दोनदा दिली."

मित्रांनो, घरात आजाऱ्याला जे जे दिलं जातं ते सगळं डॉक्टरांना सांगा. ज्याला घरात औषध म्हणत नाहीत, तेही.

पुढच्या रोवणीला शेजारची इतवारी आपल्या बाळाला झोपवायला मला मागायला आली. मंगलीने मला उचलून पोटाशी धरलं आणि तिला सगळं सांगितलं. इतवारीने डोळे पुसले.

"आमचं पोट्टं खोकलत नाई वो," ती म्हणाली आणि मला घेऊन गेली.