चौदावी प्रदक्षिणा

चातुर्मास लागला तसा सगुणाने नेम धरला होता. आंघोळ झाल्यापासून परसातल्या तुळशीला एकवीस प्रदक्षिणा पुऱ्या होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पेणला रामवाडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा कमळाकर रोह्याच्या कंपनीत, पहिल्या शिफ्टला पहाटेच निघायचा. मागे उरायची ती आणि पावणेतीन वर्षांचा नाथा. आधी तो सारखा हाका मारायचा. मग तिने त्याला समजावलं, "आई तुळशीपाशी आहे तोवर आपणही गप्प. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी तांब्या रिकामा केला, की झालं." आठ दिवसांत पोर शिकलं. शेजारणींना तिने ते कौतुकाने सांगितलंही होतं.

आणि काल तो मागच्या दाराची कडी लावायला शिकला. पावसात लाकूड फुगतं, वरची कडी बसत नाही, म्हणून कमळाकरने एक खाली बसवली होती. खट् वाजलं, तसं बापाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं.

आज चौदाव्या प्रदक्षिणेला तोच खट् तिच्या कानावर आला.

वळून पाहते तर दार बंद. पुढचं दार आतून लावलेलं, खिडक्या पावसासाठी मिटलेल्या. आत जमिनीवर वातीचा स्टोव्ह, त्यावर पेज. दार उघडं असलं की दर फेऱ्याला तिची नजर स्टोव्हवर जायची, म्हणून तर तो चालू ठेवायचा धीर तिला होत असे.

तिने दार ढकललं. थापा मारल्या. ओठ मात्र मिटलेलेच. असे दहा श्वास गेले असतील. त्या दहा श्वासांची तिला पुढे फार लाज वाटली.

"नाथा!"

आतून चकार शब्द नाही.

"नाथा, बाळा! ओ दे रे!"

शेजारची धोंडुबाई धावत आली. उभा जन्म मिठागरावर गेलेला, आवाज खणखणीत. "काय गो, काय झाला?"

"आत कोंडून घेतलंय त्याने. स्टोव्ह पेटता आहे."

"मग बघत काय बसलीस? पहार आणते, फोडू दार!"

"नको! तो दारालाच असला तर?"

पेज करपल्याचा वास आता बाहेर येऊ लागला. सगुणाने दाराला कान लावला. वाळे वाजले, अगदी जवळ. फळ्यांच्या फटीत काहीतरी हललं. डोळा होता. पोर धडधाकट उभं होतं, आईकडे टक लावून बघत होतं, आणि बोलत नव्हतं.

तेव्हा तिला उमगलं. तो आपण शिकवलेला नेम पाळतोय.

तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तिने साखर वाटली होती, आणि त्याच दिवशी खालच्या फळीवरची काचेची बरणी वर ठेवली होती. चालू लागला, तसा उंबऱ्याचा धाक वाटू लागला. दर वेळी पोर एक गोष्ट शिकायचं आणि तिच्या हातून एक वीत लांब जायचं. पण ही गप्प राहायची विद्या त्याची नव्हती. ती तिने दिली होती.

तिने तांब्या उचलला आणि सगळं पाणी एकदम तुळशीत ओतलं.

"फेरे राहिले ना गो?" धोंडुबाई चाचरली.

"राहू देत." मग फटीशी वाकून, "झालं रे नाथा. तांब्या रिकामा झाला. बघ."

"ओ!" आतून लगेच आलं, लांबलचक, साठवून ठेवल्यासारखं.

"कडीची दांडी वर उचल. उचललीस? आता तुझ्याकडे ओढ."

"नाय येत."

"येतं. दोन्ही हातांनी ओढ."

खरखर झाली. थांबली. पुन्हा खरखर. दार उघडलं तशी ती त्याला ओलांडून धावली. स्टोव्हजवळचं फडकं एका कडेने धुमसत होतं. तिने ते पायाखाली चिरडलं, स्टोव्ह विझवला, आणि तिथेच खाली बसली.

"पोराला कडी काढायला कोन शिकवनार व्हता, तुझा नवरा?" धोंडुबाई करवादली, पण पदराने डोळे पुसत.

सगुणाने नाथाला समोर धरलं. "आईने हाक मारली की ओ द्यायची. मी देवापाशी असले तरी."

"देव लागवेल?"



"रागावला तर माझ्यावर रागावेल," ती म्हणाली. मग उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. "नाथा!"

"ओ."

"मोठ्याने."