खोलायचं नाही

“वैनी, ही तिसरी बाटली. आता मी नाय टाकत.”

शिवाने गळती बुजवायच्या औषधाची बाटली बंपरवर ठेवली आणि हात पुसायला फडकं घेतलं. करी रोडला जुन्या गिरणीच्या भिंतीला टेकून त्याचं गॅरेज होतं. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. ललिताबाईंची छोटी पांढरी गाडी तिथे बॉनेट वर करून उभी होती. टपावरच्या पिवळ्या पाटीवरचं ‘ललिता मोटर ट्रेनिंग’ उन्हाने फिकट झालं होतं.

“टाक रे शिवा. शनिवारी मनालीची टेस्ट आहे. तेवढी होऊन जाऊ दे.”

“मागल्या टायमाला दिवाळीची बॅच होती. त्याच्या आधी गणपती.” शिवाच्या आवाजात राग नव्हता. “पाणी रोज कमी होतंय आणि खाली एक थेंब दिसत नाय. म्हणजे ते आत चाललंय. हेड गॅस्केट गेलंय, वैनी, इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग. रेडिएटरला बारीक भोक असतं तर मीच बोललो असतो, टाका बाटली, चालवा. पण ही आतली गळती. ही पावडर चिकटायला पाहिजे तिथे जराशी चिकटते, आणि नको तिथे सगळी जाऊन बसते.”

“काम काढलं तर किती दिवस?”

“आठ-दहा. कमी पण, जास्त पण. खोलल्याशिवाय खरं सांगता येत नाय.”

ललिताबाईंचा चेहरा एकदम मिटला. “मग नको,” त्या म्हणाल्या. बाटली उचलून त्यांनी बूच फिरवलं आणि तो तपकिरी काला स्वतःच्या हाताने रेडिएटरमध्ये ओतला. शिवा बाजूला सरकून उभा राहिला. या बाईंनी आजवर त्याचा कुठलाच शब्द खाली पडू दिला नव्हता. ब्रेक म्हटलं की ब्रेक, टायर म्हटलं की टायर. फक्त इंजिन खोलायचं म्हटलं की त्या अशा व्हायच्या, आणि का ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

खोलल्याशिवाय सांगता येत नाही, हे वाक्य ललिताबाईंनी पूर्वी एकदा ऐकलं होतं. मोटर ट्रेनिंगचा धंदा त्यांच्या नवऱ्याने, उन्मेष घाडीगावकरांनी काढलेला. लालबागच्या चाळींतल्या बायकांना परक्या पुरुषाच्या शेजारी बसून शिकायला संकोच वाटतो, हे लक्षात आल्यावर उन्मेषरावांनी आधी बायकोला शिकवलं, मग तिलाच शिकवणारणीच्या सीटवर बसवलं आणि पाटीवर तिचं नाव घातलं. पुढे त्यांच्या हृदयाची झडप खराब निघाली. दोन वर्षं त्यांनी गोळ्यांवर काढली. चाळीचा जिना चढताना मध्येच थांबून चपलेचा अंगठा नीट करायचं सोंग करायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, “चाललंय ना.” शेवटी ललिताबाईंनीच हट्ट धरला. एकदा काय ते उघडून नीट करून घ्या, रोजचं हे बघवत नाही. इस्पितळात त्याच घेऊन गेल्या, सही त्यांनीच केली. सर्जन म्हणाले होते, आत गेल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

उन्मेषराव शुद्धीवर आलेच नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. ललिताबाईंना कोणी दोष दिला नाही. सासूबाई तेवढ्या एकदा तांदूळ निवडता निवडता, वर न बघता मुलाबद्दल मालवणीत म्हणाल्या, “गोळ्यांवर चलत होतो माझो झील.” त्याही आता नव्हत्या. पण ते वाक्य घरातच राहिलं होतं. ललिताबाईंचा गुडघा दुखायचा, डॉक्टर ऑपरेशन म्हणाले. त्यांनी पट्टा बांधला आणि त्या डॉक्टरकडे जाणं सोडलं.

बाटली घातल्यावर गाडी दोन दिवस गुणी वागली.

मनाली वरळीच्या बीडीडी चाळीतली. चोविशीची, किडकिडीत. मॉलमध्ये दिवसभर काउंटरमागे उभं राहण्याचं काम करत होती. फक्त बायकांना ड्रायव्हर म्हणून घेणाऱ्या एका टॅक्सी कंपनीने तिला कबूल केलं होतं, पण टेस्ट पास झाल्यावरच. सोमवारी कागद दाखवायचे होते, म्हणून शनिवारची टेस्ट हातची जाऊन चालणार नव्हती. मुलगी चांगली चालवायची. आरशात बघायला विसरत नसे, घाई करत नसे. फक्त ब्रेक फार लवकर मारायची.

“समोर कोणी नाहीये,” ललिताबाई म्हणायच्या.

“येईल ना मॅडम.”

“आल्यावर मार. येणार म्हणून थांबलीस तर घरातूनच निघू नकोस.”

मनाली हसायची. कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या असायच्या, कारण भर मेमध्ये ललिताबाईंनी गाडीचा हीटर चालू ठेवलेला असायचा. हीटर लावला की इंजिनाची उष्णता जराशी आत खेचली जाते आणि काटा खाली राहतो, हे उन्मेषरावांनी कधीतरी सांगितलेलं. विद्यार्थिनी तक्रार करायच्या. “सवय होते,” असं म्हणून त्या काच खाली करायला लावायच्या.

गुरुवारी सकाळी वरळी सी-फेसला फेरी मारून दोघी परत येत होत्या. लोअर परळच्या पुलाच्या चढावर मनाली अचानक म्हणाली, “मॅडम, गार हवा यायला लागली. एसी लावलात काय?”

ललिताबाईंनी जाळीपुढे हात धरला. हवा खरोखरच गार होती. हीटर चालू आणि हवा गार, म्हणजे तिथपर्यंत पाणीच पोचत नव्हतं. त्यांनी काट्याकडे बघितलं. तो लाल रेषेच्या पलीकडे जाऊन टेकला होता.

“डावीकडे घे. सावकाश. आता बंद कर.”

बंद करावी लागलीच नाही. इंजिन दोनदा खोकल्यासारखं खडखडलं आणि चढावरच थांबलं. गाडी मागे सरकली. मागून बसचा हॉर्न लागला. ललिताबाईंचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर गेला होता, पण त्याआधीच मनालीने ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला होता आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावले होते. बस गुरगुरत बाजूने निघून गेली.

खाली उतरल्यावर मात्र पोरगी घाबरली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. तिने झटकन बॉनेट वर केलं, ओढणी हाताला गुंडाळली आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. ललिताबाई गाडीच्या पलीकडून लंगडत धावल्या. त्यांनी तिला खांद्याने ढकललं तेव्हा झाकण अर्धं फिरलं होतं. उकळत्या तपकिरी पाण्याचा फवारा उडाला आणि त्यांच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत बसला.

“सॉरी मॅडम. मला वाटलं…” मनाली रडायला लागली.

“तुला कुठे लागलं का?”

“नाही.”

“तोंडावर आलं असतं तुझ्या,” ललिताबाई म्हणाल्या. बाटलीतलं प्यायचं पाणी त्या हातावर ओतत होत्या. “तुझी काय चूक? झाकणाला हात लावायचा नाही, हे मी तुला कधी शिकवलंच नाही. बॉनेट उघडून आजवर एकीलाही दाखवलं नाही मी.”

दुपारी शिवाने दोर बांधून गाडी ओढत आणली. ललिताबाई हाताला मलम आणि बँडेज लावून गॅरेजवर आल्या. शिवाने स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

“खोल,” त्या म्हणाल्या.

“उद्या फोन करतो ना, वैनी. तुम्ही घरी जावा. हात बघा किती सुजलाय.”

“मी थांबते. माझ्यासमोर खोल.”

उन्मेषरावांच्या ऑपरेशनच्या दिवशी त्या इस्पितळात बाहेरच्या बाकावर, बंद दाराकडे बघत बसल्या होत्या. आज दार नव्हतं. शिवा एकेक बोल्ट सैल करून ताटलीत ठेवत गेला. त्याने ऑइल काढलं तर ते चहात दूध पडावं तसं पांढुरकं झालेलं. मग त्याने हेड दोन्ही हातांनी हलवलं, सुटं केलं आणि उचलून फळीवर उलटं ठेवलं. इंजिनाच्या तीन नळ्या उघड्या पडल्या. त्यांच्या भोवतीच्या ज्या बारीक वाटांतून पाणी खेळायचं, त्या तपकिरी चिखलाने बुजल्या होत्या. शिवाने स्क्रू-ड्रायव्हर घालून थोडा चिखल उकरला. तो वाळलेल्या लापशीसारखा निघाला. मग त्याने फडक्याने पृष्ठभाग पुसला, टॉर्च खाली धरला आणि बोट ठेवलं. दोन नळ्यांच्या मध्ये केसासारखी एक रेघ होती.

“ब्लॉकला तडा गेला,” तो म्हणाला. “हेड पण वाकलंय. हेड लेथवर फेस मारून, घासून सरळ झालं असतं. ब्लॉकचं काय होत नाय.”

ललिताबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. “गणपतीच्या आधी खोललं असतं तर?”

शिवा टॉर्च विझवून उभा राहिला. खोटं बोलावं की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं असावं.

“तेव्हा नुसतं गॅस्केट होतं, वैनी. तेव्हा वाचली असती.”

ते वाक्यही ललिताबाईंनी ऐकलेलं होतं. त्या सकाळी सर्जन बाहेर आले, त्यांनी टोपी काढली आणि सांगायचं ते सांगितलं. मग जाता जाता, बहुतेक स्वतःशीच, ते म्हणाले होते, दोन वर्षं आधी आणलं असतं तर. ललिताबाईंना ते अकरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्यांच्या कानात सासूबाईंचं वाक्य होतं, आपला हट्ट होता, आपली सही होती. आणि ज्या दोन वर्षांत उन्मेषराव जिन्यात थांबून चप्पल नीट करत होते, ती वर्षं त्यांनी हिशोबात धरलीच नव्हती. उलट तीच बरी होती, असं समजून चालल्या होत्या. गाडी म्हणजे माणूस नव्हे, हे त्यांना कळत होतं. तरी त्या स्टुलावर बसल्या आणि डाव्या हाताने पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या. शिवा बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. चहावाला आला, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं.

संध्याकाळी ललिताबाई दादरला अवधूतकडे गेल्या. अवधूत उन्मेषरावांच्या हाताखाली शिकलेला. ते गेल्यावर महिन्याभरात त्याने स्वतःचा क्लास काढला आणि अर्धी बॅच उचलून नेली. तेव्हापासून ललिताबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. रस्त्यात समोर आला तर फुटपाथ बदलायच्या. आता त्याच्याकडे चार गाड्या होत्या. त्यांना दारात बघून तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

“शनिवारी सकाळी एक गाडी हवी आहे. ताडदेवला टेस्ट आहे एका मुलीची,” त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. “माझी गाडी गेली.”

अवधूतने त्यांच्या हाताच्या बँडेजकडे बघितलं. “बसा ना मॅडम. गाडी घेऊन जा. माझा माणूस पाठवत नाही, तुम्हीच बसा बाजूला.”

“उद्या सकाळी पण लागेल. तिच्या पायाला क्लच कळायला हवा.”

“न्या.” त्याने पोऱ्याला सरबत आणायची खूण केली. “सर गेल्यावर मी जे केलं…”

“त्याचं आज नको,” ललिताबाई म्हणाल्या. पण त्या बसल्या, आणि त्याने मागवलेलं कोकम सरबत त्यांनी घेतलं.

मनाली पास झाली. सोमवारी तिने टॅक्सी कंपनीच्या दारातून फोन केला. तिला धड बोलता येत नव्हतं. ललिताबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पगार होईल तेव्हा आईला फिरवून आण, आणि पुढच्या सीटवर बसव. मागे नको.”

त्यांची गाडी भंगारात गेली. नेणाऱ्याने पाटी हवी का विचारलं, तर त्या नको म्हणाल्या. शिवाने दुसऱ्या ब्लॉकसाठी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात दोन दिवस चौकशी करून बघितली होती. त्या गाडीसाठी आता तेवढं करण्यात राम नाही, हे त्यालाही माहीत होतं. गाडी ट्रकवर चढवताना तो मुद्दाम आला, आणि ट्रक चिंचपोकळीच्या दिशेने वळेपर्यंत त्यांच्या शेजारी उभा राहिला. जाताना ललिताबाई त्याला म्हणाल्या, “तू सांगत होतास रे.” तो म्हणाला, “मी पण ओरडून सांगायला पाहिजे होतं.”

पुढच्या महिन्यापासून त्या अवधूतच्या क्लासमध्ये बायकांची सकाळची बॅच शिकवायला जाऊ लागल्या. गाडी त्याची, पाटी त्याची. पहिल्या दिवशी मृणालिनी नावाच्या एक बाई आल्या होत्या. बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, हातमोजेसुद्धा घेऊन आलेल्या. त्या थेट स्टिअरिंगसमोर बसल्या, पट्टा लावला आणि समोर बघू लागल्या.

“खाली उतरा आधी,” ललिताबाई म्हणाल्या.

“का हो? काही बिघडलंय का?”

“नाही. इंजिन गार आहे तोवर आत काय असतं ते बघून घ्या.”

त्यांनी बॉनेट वर केलं, दांडी लावली. उजव्या हातावरची कातडी अजून गुलाबी आणि पातळ होती, म्हणून डाव्या हाताने त्यांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, परत बुडवून काढली आणि मृणालिनीबाईंच्या हातात दिली. मागे रानडे रोडवर फुलांच्या टोपल्या उतरत होत्या. मृणालिनीबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि ती पट्टी, कोणी बाळाचा ताप बघायला दिलेला थर्मामीटर धरावा तशी, दोन्ही हातांनी उजेडात धरली.

“हे असंच असायला हवं का?” त्यांनी विचारलं.

“असंच,” ललिताबाई म्हणाल्या, आणि त्याही वाकून बघू लागल्या.