नाक आपल्याकडं

विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात बन्सी तुरुंगात गेला आणि चिकलठाण्याच्या कारखान्यातली नोकरी गेली. वाळूजला नवनवे कारखाने उभे राहत होते, पण त्याला सगळे गेटवरूनच परत पाठवायचे. खटल्यातून सुटल्यावर तो फिटर म्हणून मस्कतला गेला.

पहिल्या सुट्टीत त्यानं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर आणलं. तिथला एक साहेब शुक्रवारच्या सुट्टीत वाळवंटात असली हेलिकॉप्टरं उडवायचा, त्यानंच आपलं जुनं याला दिलेलं. भावसिंगपुऱ्यामागच्या माळावर बन्सीनं ते कलंडू नये म्हणून त्याच्या खाली बांबूच्या दोन काठ्या फुलीसारख्या बांधल्या, टोकांना प्लास्टिकचे चेंडू लावले आणि रिमोट बायकोच्या, गीताच्या हातात दिला.

"उडवायचं नाय. नुस्तं हलकं करायचं. जमिनीवर सरकू दे."

"मग उडंल कधी?"

"तुझी बोटं भ्यायची थांबली की."

त्याला स्वतःलाही ते शेपूट आपल्याकडं ठेवूनच उडवता यायचं. नाक आपल्याकडं वळलं की डावं-उजवं उलटं होतं, बोटं चुकतात. त्याच नादात त्यानं एक पातं मोडलं. सुट्टी संपली तरी गीताचं हेलिकॉप्टर सरकतच होतं.

तो गेल्यावर ती कारखान्यात विजेच्या मोटारींची कॉइल भरायची आणि रविवारी सासूला घेऊन माळावर जायची. मनकर्णाबाई दगडावर बसून इंजिनाच्या तेलातल्या एरंडेलाच्या धुरानं खोकायची. हळूहळू काठ्या जमिनीपासून बोटभर उचलल्या, मग वीतभर. हेलिकॉप्टर कललेलं दिसायच्या आधीच बोट हलवायला हवं, हे गीताला पाती मोडूनमोडून कळलं. शेपूट आपल्याकडं असलं, की बन्सी पाठीशी उभा राहून तेच बघतोय असं तिला वाटायचं. कधी कधी ती मागं वळून बघायची आणि तेवढ्यात यंत्र कलंडायचं.

"समोर बघ, पोरी," सासू म्हणायची. "मागं कोण नाय."

मग ती ते थोडं थोडं वळवायला लागली. आधी आडवं, मग तिरपं.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, जानेवारीतल्या त्या दिवशी सगळी वस्ती निळ्या गुलालात न्हाली. दुपारी गीता सासूला घेऊन माळावर गेली. हेलिकॉप्टर वर नेलं, नाक पुरतं आपल्याकडं वळवलं. ते तिच्या तोंडासमोर जागच्या जागी थरथरत थांबलं. तिनं ते अलगद उतरवलं. मनकर्णाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी चौकातल्या एसटीडी बूथवर बन्सीचा फोन आला.

"ढोल वाजतायत का?"

गीतानं रिसीव्हर बूथच्या दाराबाहेर धरला. बराच वेळ. मग कानाला लावून म्हणाली, "आज नाक माझ्याकडं केलं. उतरवलं बी."

तो म्हणाला, "आता तुलाच मला शिकवावं लागंल."

"या की मग."

"सुट्टी पुढं ढकललीय गं. पुढच्या वर्षी."

"व्हय," ती म्हणाली. तिनं रिसीव्हर पुन्हा दाराबाहेर धरला. लाइन तुटेपर्यंत दोघं तसेच ढोल ऐकत राहिले.