चार घागरींची मोटार

सूर्यभानच्या लाल मोटारीला महिन्याला काय खर्च येतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं. पेट्रोल किती पिते, तेल किती मागते, हैदराबादेहून टायर मागवला तर निजामाच्या शिक्क्याचे किती हाली रुपये पडतात, सगळं लोक पारावर बसून मोजायचे आणि शेवटी सूर्यभानला येडा ठरवून उठायचे. एक खर्च मात्र कुणी कधी धरला नाही. पाणी. कारण पाणी गोजरबाईच्या कमरेवरून यायचं, आणि बायकोच्या कमरेवरून येतं ते फुकटच, अशी तमाम बाप्यांची खात्री.

मोटार मूळची नवाबसाहेबांची. सूर्यभान त्यांचा ड्रायव्हर. जहागिरी गेल्या तसे नवाबसाहेबही गेले, बिस्तरा बांधून. पूर्णेच्या स्टेशनावर आगगाडीत चढता चढता त्यांनी किल्ली आणि सहीचा कागद सूर्यभानच्या हातात ठेवला. म्हणाले, "ये अब तुम्हारी. मगर इसे भूखा मत रखना." सूर्यभान रडत रडत मोटार घेऊन गावात आला. पोखर्णीच्या रस्त्याला लागून असलेलं हे गाव, तिथं बैलगाड्यांच्या मधोमध ती बुटकी, लांब नाकाची, दोनच शिटांची बया येऊन उभी राहिली. सरळ रस्ता मिळाला तर घटकेत परभणी गाठायची. पण खाणं? खाणं नवाबाचंच. बारा मैलांना गॅलनभर पेट्रोल. खडीच्या रस्त्यानं टायर वर्षात टकले. गंगाखेडच्या वाटेवर स्प्रिंगचा पाटा तुटला तो लिंबाजी लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतून घडवून दिला. सूर्यभान परभणीला जिनिंगात फिटर होता. पगार आला की अर्धा मोटारीच्या पोटात. ईक म्हणणारे लय भेटले. सूर्यभान एकच बोलायचा, "न्हाई."

आणि गोजरबाई? तिला त्या मोटारीचा राग होता का? होता, चांगला दणदणीत होता. उन्हाळ्यात एक फेरी मारून आली की मोटार दोन घागरी गटागटा प्यायची, वर धुवायला तिसरी. हिरीवर बायका टपलेल्याच असत.

"काय गोजरे, सवतीला पाजलं का पाणी?" कस्तुराबाई विचारायची.

"पाजलं की. तुपल्या नवऱ्याला बसवून आणलं ना परवा, तवा न्हाई आठवली सवत?" गोजरबाई रहाट ओढता ओढता फटकारायची.

खरंच होतं ते. त्या दुसऱ्या शिटावर गावातला कोण बसला नव्हता? पाटील बसला, तलाठी बसला, कस्तुराबाईचा नवरा दाढ उपटायला बसून गेला. बसली नव्हती ती एकटी गोजरबाई. एकदा तिनं तोंड उघडून म्हटलंही होतं, तर सूर्यभान चपापून म्हणाला, "येडी का काय! नवरा-बायको उघड्या मोटारीत शेजारी शेजारी? गाव काय म्हणंल?" तिला ते लागलं, फार लागलं. पण तरी मोटार दुसऱ्या कुणाच्या दारात जाणार म्हटलं की तिला ते खपायचं नाही. दोन उन्हाळे तिनं वाहिलेलं पाणी होतं मोटारीच्या पोटात. अशी कशी जाऊ देईल?

त्या साली पाऊस रुसला आणि चैतातच हीर तळाला गेली. व्यंकटराव गावचे मोठे मालक. त्यांनी नेम घालून दिला: घरटी चार घागरी. माणसं आणि जनावरं, बस्स. मोटारीसाठी वर एक थेंब नाही. नेम सगळ्यांना पटला, गोजरबाईलाही पटला. ती आपल्या चारातूनच एक मोटारीला द्यायची आणि स्वतः दिवसाआड न्हायची. फक्त व्यंकटरावांच्या लेकीचं लग्न निघालं आणि त्यांचे गडी मांडवात सडा टाकायला हिरीवरून खेपांवर खेपा नेऊ लागले, तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

लग्नाच्या चार दिवस आधी व्यंकटराव स्वतः सूर्यभानच्या अंगणात आले. गोजरबाई दाराआडून ऐकत होती.

"सूर्यभान, जावई गंगाखेडचा हाय. त्याचा परण्या मोटारीतून काढायचा. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत, वाजतगाजत."

"मालक, ती पळायची गाडी हाय. माणसाच्या चालीनं चालवली तर वारं लागत न्हाई तिला, पाणी उकळतं, इंजिन जाम व्हतं."

"म्हंजे तीन फर्लांग चालवत न्हाई आन् नुसती खायालीय!" व्यंकटराव हसले, बरोबरची मंडळीही हसली. "बरं, असं कर. मधी बंद न पडता मांडवाच्या दारात आली, तर चारी टायर मपल्याकडून, नवे कोरे. बंद पडली, तर जिथं पडली तिथून मपले बैल वढून आणतील, आन् मंग ती मपल्याच दारात राहील. हाय का छाती?"

इतकं झाल्यावर मिशी असलेल्या माणसानं काय करावं? सूर्यभाननं मिशीला पीळ दिला. "मान्य!"

"आन् हिरीचा नेम हाय तसाच. चार घागरी," जाता जाता व्यंकटराव म्हणाले. माणूस पक्का होता.

ते गेले आणि गोजरबाई बाहेर आली.

"पळायच्या मोटारीवर चालायची पैज लावली व्हय? उद्या बैलाचं दूध काढायची पैज घ्या!"

"बोलून गेलो गं."

"किती पाणी लागंल?"

सूर्यभान मान खाली घालून मनाशी हिशेब करत राहिला. वाजंत्री, लेझीम, दारोदार ओवाळणी, म्हणजे दोन तास तरी. "धा घागरी. कमी न्हाई." मग त्यानं मोटारीच्या नाकावरून हात फिरवला. "गेली बघ आपली."

आपली, म्हणाला तो. गोजरबाईला रडू आलं नाही, संताप आला. ती घागर उचलून तडक हिरीवर गेली. दोर सोडला तर तळाचा गाळ वर आला. शेजारी कस्तुराबाई उभी होती. गोजरबाईला आपलं स्वतःचं लग्न आठवलं. वऱ्हाडाची गाडी वेशीतून आली तेव्हा दारादारातून बायका तांब्या घेऊन बाहेर पडल्या होत्या, चाकांवर पाणी घालायला. मानाचं पाणी. ते चुकवायची कुणाची टाप नव्हती.

"कस्तुरे, जावई दारावरून जाईल तवा चाकावर पाणी घालशील ना?"

"म्हंजे काय! घालावंच लागंल. तांब्याभर तरी."

"चार घागरीतनं?"

"चारातनंच. मानाला का नेम असतो?"

"मंग ओंजळभर चाकावर टाक, आन् बाकीचा तांब्या मपल्या हातात दे. मी तिच्या तोंडात ओतते. न्हाई तरी मातीतच जायचं हाय."

कस्तुराबाईनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "सवतीसाठी भीक मागायलीस?"

"भीक न्हाई!" गोजरबाई कडाडली. "हसा मला, दोन उन्हाळे हसलात तसं अजून हसा. पण मी वाहिलेलं पाणी त्या माणसाच्या दारात बांधू देणार न्हाई. त्याच्या मांडवात सड्याला किती घागरी गेल्या, मोजल्यास का तू? मी मोजल्यात. चाळीस!"

कस्तुराबाईनं आपल्या रिकाम्या घागरीकडे पाहिलं. तिच्या घरी त्या दिवशी नातवंडं बिनाअंघोळीची होती.

"आन् गार पाणी नको," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. "समद्याजणींना सांग, सकाळपासनं तांबे उन्हात ठिवा. तापल्या इंजिनात गार पाणी गेलं की तडकतं."

"तुला कुणी शिकवलं गं?"

"शिकवतंय कोण! ऐकून ऐकून."

लग्नाच्या दिवशी उन्हं कलताना मारुतीच्या पारापासून परण्याची मिरवणूक निघाली. मोटारीला आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा. शिटावर बाशिंग बांधलेला जावई, घामानं निथळणारा. सूर्यभान स्टिअरिंगच्या चक्राला हात घालून ताठ बसलेला, जणू फाशीच्या तख्तावर. आणि मोटारीच्या नाकाशेजारी, वाजंत्रीवाल्यांच्या मागे, कमरेला पदर खोचून गोजरबाई. हातात ओल्या पोत्याचा तुकडा.

"तू कुठं मधी? बाया मागं हायत," सूर्यभान दबक्या आवाजात म्हणाला.

"पाणी मी वाहिलंय. तोंडबी मीच उघडणार. तुमी पुढं बघा."

चावडीपर्यंतच तिच्या चारी घागरी संपल्या. लेझीमवाल्यांना ऊत आला होता, दहा पावलं पुढं आणि पाच मागं. मोटारीच्या नाकातून वाफेची बारीक रेघ निघू लागली. इंजिन घरघरायला लागलं. सूर्यभानचं तोंड पांढरं पडलं. व्यंकटराव पागोटं सावरत शेजारून चालत होते. त्यांनी मागच्या गड्याला खूण केली, गडी बैल आणायला वळला.

"दमली वाटतं घोडी," व्यंकटराव म्हणाले.

तेवढ्यात कस्तुराबाई दारातून उतरली. डोईवर पदर, हातात तांब्या. ओंजळभर पाणी तिनं पुढच्या चाकावर शिंपडलं, जावयावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि तांब्या सरळ गोजरबाईच्या हातात दिला. गोजरबाईनं पोत्याचा तुकडा मोटारीच्या नाकावरच्या, पाणी ओतायच्या बुचावर दाबून ते फिरवलं. फस्सकन वाफ उसळली, मनगट भाजलं. "आई गं!" म्हणाली, पण बूच सोडलं नाही. मग कोमट पाण्याची बारीक धार धरली. घरघर जरा निवली. पुढच्या दारातून नर्मदाबाई आली. त्यापुढच्या दारातून धुरपदाबाई. मग तर दारादारातून तांबे बाहेर पडायला लागले.

"अगं ए!" व्यंकटराव ओरडले. "मोटारीला वरचं पाणी द्यायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं ना?"

"मोटारीला कोण द्यायलंय, मालक?" कस्तुराबाई साळसूदपणे म्हणाली. "जावयाच्या मानाचं पाणी हाय. घालू नको म्हणता का?"

वाजंत्री नेमकी थांबली होती. जावयाचा बाप दोन पावलांवर उभा होता, त्याचे कान टवकारले. मग तो खुशीत म्हणाला, "व्याही, गाव मोठं मानपानाचं हो तुमचं! दुष्काळातबी दारोदार पाणी!"

व्यंकटराव हसले बिचारे. ते हसणं बघायला अख्खी गल्ली ओट्यावर उभी होती. गडी बैल घेऊन आला, त्याला त्यांनी डोळ्यानंच परत पाठवलं.

दिवस मावळायच्या आत, धापा टाकत, वाफा सोडत, पण एकदाही बंद न पडता मोटार मांडवाच्या दारात आली. जावई उतरला. सूर्यभाननं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

व्यंकटराव जवळ आले. चारचौघांत शब्द मोडता येत नव्हता. "टायर देतो, बोललो ते बोललो. पण खरं सांग सूर्यभान, हिला पोसणं तुझं काम हाय का? महिन्याला खर्च तरी किती येतो? बोल, मी दुप्पट मोजतो, देऊन टाक."

सूर्यभान तोंड उघडणार तोच गोजरबाई मोटारीच्या आणि व्यंकटरावांच्या मधे येऊन उभी राहिली. मनगटावर टरटरून फोड आला होता.

"त्यांना काय इचारता, मालक? त्यांना ठावच न्हाई. मी सांगते. उन्हाळ्यात रोज तीन घागरी. नेम लागल्यापासनं एक, ती मपल्या अंघोळीची. आन् वर हिरीवरची बोलणी. घ्या मोजून. उद्यापासनं मालकीणबाई वाहतील का खेपा? वाहणार असतील तर आत्ता न्या."

मांडवात मागं उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी गडबडीनं पदर तोंडाला लावला. हसू आवरत होत्या की काय, कोण जाणे. व्यंकटराव पागोटं सावरत मांडवात शिरले.

गोजरबाई वळली. जावयाच्या शिटावर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. तिनं त्या झाडल्यासुद्धा नाहीत. दार उघडलं आणि बसली, ऐसपैस.

"अगं, लोकं बघायलीत," सूर्यभान कुजबुजला.

"बघू द्या की. चला, हिला वारं लागू द्या."

सूर्यभाननं तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि मोटार सुरू केली. वेस ओलांडली, पोखर्णीचा सरळ रस्ता लागला. वाफ निवली, घरघर जाऊन इंजिन एका सुरात बोलू लागलं. गोजरबाईचा पदर डोक्यावरून उडून खांद्यावर आला, तिनं तो उडू दिला. दोन वर्षं पाणी पाजलं, आणि ही अशी पळते हे तिला आज कळत होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. वाऱ्यानं असेल.

"कसं वाटायलंय?" सूर्यभाननं लाजत विचारलं.

"उद्यापासनं हिरीवर तुमी जायचं."

तो हसला. मग शेजारी बघितलं, तर ती हसत नव्हती.

"मी? घागर घेऊन? बाया हसतील की गं."

"मला हसल्याच ना? मेले का मी?"

सूर्यभाननं पुन्हा एकदा तिच्या मनगटावरच्या फोडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. जाईन."

"आता पळवा," गोजरबाई म्हणाली.