कोसमटोल्याचं व्यसनमुक्ती शिबिर

"गावात मानूसच नाई, सर," संघपाल धापा टाकत परत आला. "एक म्हातारी हाये अन् तीन कुत्रे."

हेमराज सर शाळेच्या व्हरांड्यात उभे होते. मागे ट्रकमधून चाळीस विद्यार्थी, तांदळाची पोती, एक भोंगा आणि 'दारू सोडा, संसार जोडा' असं लिहिलेला लांबलचक कापडी फलक उतरत होता.

धानोऱ्याच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम कुणालाच नको होतं. एका प्राध्यापकांची पाठ दुखत होती, दुसऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. हेमराज सर तात्पुरत्या नेमणुकीवर होते, त्यांना पाठही नव्हती आणि मुलगीही. शिबिराचं अनुदान आलं तेच मार्चच्या अखेरीस. "पैसे परत गेले तर नाचक्की होईल," प्राचार्य म्हणाले होते. "शिबिर नीट पार पाडा, तुमच्या कायम होण्याचं मी बघतो." तळ्यात जाळं टाकणाऱ्या बापाचा हा मुलगा छत्तिशी ओलांडूनही 'कायम' या शब्दाची वाट पाहत होता.

म्हातारी दारातच बसली होती, पाय पाटावर ठेवून. तिचं नाव देवकाबाई.

"माय, गाव कुठी गेला?" सरांनी विचारलं.

"मोहा पडून राह्यला न बाप्पा! फुलं वेचाचं सोडून घरी कोन बसन?"

"आमी दारूबंदीवर भाषन द्याले आलो."

"द्या न. मी आयकतो."

उद्घाटन ठरलेलं होतं, ते टाळता येत नव्हतं. सरांनी भोंग्यावरून अर्धा तास दारूचे दुष्परिणाम सांगितले. समोर देवकाबाई आणि कुत्री. एक कुत्रं मध्येच उठून गेलं. देवकाबाईनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या.

"चांगलं बोलले जी. पन म्या जलमात थेंब नाई घेतला. जे पेतेत, ते जंगलात हायेत."

"तू काऊन नाई गेली?"

"विहिरीवर घसरलो, पाय मुरगळला. माह्या झाडाखालचा मोहा गायी खाऊन राह्यल्या. वर्साचं मीठ-मिरची त्याच्यावरच चालते." हे तिनं तक्रार न करता सांगितलं, जशी पावसाची बातमी सांगावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी मुलांना उठवलं आणि टोपल्या घेऊन जंगलात नेलं.

मुलांनी मोहफुलं वेचली खरी, पण रिंकू झाडाखालीच झोपली आणि संघपालनं इतकी फुलं खाल्ली, की दुपारपर्यंत तो शिबिरात कमी आणि झुडपात जास्त होता. बातमी पसरली, तशी गावची माणसं बघायला येऊ लागली. सरांनी संधी साधली. माणसं विसाव्याला टेकली, की ते झाडाखालीच दारूवर बोलत. श्रावण नावाचा गडी एकदा हात जोडून म्हणाला, "सर, एक तं मोहा वेचा, नाई तं भाषन द्या. दोनी केलं का डोक्शात गोंधळ होते."

वाळवायला जागा कमी पडली. गावातल्या सगळ्या चटया अडकलेल्या. शेवटी रिंकूनं फलक आणला आणि देवकाबाईच्या अंगणात अंथरला.

नेमके चौथ्या दिवशी विद्यापीठाचे तपासणी अधिकारी जीपमधून उतरले. फुलांच्या राशीतून फक्त 'दारू' आणि 'जोडा' एवढंच दिसत होतं.

"लाभार्थी कोण?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"मी," देवकाबाई म्हणाली.

"काय लाभ झाला?"

"मोहा वाळला न जी."

साहेब सरांकडे वळले. "शासन पैसे देतं दारू सोडवायला, आणि तुम्ही कच्चा माल वाळवताय?"

देवकाबाईनं त्यांच्यापुढे मोहाचे लाडू ठेवले. ते खाता खाता साहेब जरा मऊ झाले. सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे पाहा, मुलांनी तुम्हाला न विचारता केलं, एवढं लिहून द्या. मी सांभाळून घेतो."

सरांनी मुलांकडे पाहिलं. संघपाल कमरेला हात लावून उभा होता, रिंकूच्या केसांत पाकळ्या अडकल्या होत्या.

"म्याच सांगितलं त्याहिले, साहेब," ते म्हणाले. "मी बी वेचलो."

साहेबांनी आणखी एक लाडू उचलला, आणि शेरा वाईटच लिहिला.

उरलेलं अनुदान मिळालं नाही. पुढचं शिबिर पाठदुखीवाल्या प्राध्यापकांनी सडकेला लागून असलेल्या गावात घेतलं. रोपं लावताना सुरेख फोटो निघाले. हेमराज सरांची नेमणूक जूनमध्ये संपली आणि पुन्हा झाली नाही.

जुलैत ते धानोऱ्याहून गडचिरोलीच्या एसटीत चढले. गाडी गच्च भरली होती. मधल्या एका बाकावर गाठोडं शेजारी ठेवून देवकाबाई बसलेली.

"मास्तर, कुठी?"

"गडचिरोलीले, माय. दुसऱ्या कॉलेजात जागा हाये का, विचाराले."

कंडक्टर आला. सरांनी खिशात हात घातला, तोवर तिनं पदराची गाठ सोडली होती. "दोन गडचिरोली दे. मास्तर माह्यासंगं हायेत."

"माय, राहू दे न—"

"चुप बसा जी."

कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली. देवकाबाईनं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं, आत सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हातानं दोनदा थोपटलं.